पातं धरून ठेवण्याची दोन हजार वर्षं

आयटीआयमध्ये सुतारकाम शिकलेल्या कुणालाही लोखंडी रंधा खोलून दाखवायला सांगा. आधी तो लिव्हर कॅपचा खटका वर उचलेल आणि कॅप सरकवून बाजूला ठेवेल. तिच्याखालून पातं निघेल, आणि पात्याला स्क्रूने आवळलेलं कॅप आयर्न. आत राहील तो तिरक्या उताराचा फ्रॉग. त्याच्या पाठीला एक पितळी चाक, चाकात अडकलेली दुबेळकी कांडी आणि पातं डावी-उजवीकडे झुकवायची एक पट्टी. फ्रॉग सोडवला की उरतं ते बिडाचं लांबट धूड, त्यावर मागे मूठ आणि पुढे लाकडी गोटा. स्क्रू, वॉशर, पिना धरून मोजलं तर वीसच्या वर नग भरतात.

यातला लाकूड कापणारा नग एकच, तो म्हणजे पातं. ते पटाशीच्या जातीचं, रोमन काळातलं आणि आजचं शेजारी ठेवलं तर ओळख पटेल इतकं सारखं. बाकीचे सगळे नग ते पातं जागच्या जागी धरून ठेवायला आहेत. म्हणून रंध्याचा मागोवा घ्यायचा तर पात्यामागे जाऊन फारसं काही हाती लागत नाही. पातं कुणी धरलं, कशाने धरलं आणि पकड सुटली की लाकडाचं काय झालं, हे विचारत जावं लागतं.

प्राचीन इजिप्तचे सुतार उत्तम होते, पण त्यांच्या हत्यारांत रंधा सापडत नाही. वाकसाने तासायचं, मग वालुकाश्माच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायचं, ही त्यांची रीत. यात एक अडचण होती. तासणाऱ्याचा हात लाकडाच्या उंच-सखलाबरोबर वर-खाली जातो, आणि घासणारा दगड खड्डाही घासतो आणि उंचवटाही. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, सपाट होतोच असं नाही. पातं लांब, सरळ तळाच्या ठोकळ्यात बसवलं की हा प्रश्न मिटतो. ठोकळा उंचवट्यांवर टेकून चालतो, खड्ड्यावर पातं अधांतरी राहतं आणि फक्त उंच भाग कापला जातो. तळ जितका लांब तितकी सपाटी खरी. आजही चार नंबरचा नऊ इंची रंधा सफाईला, पाच नंबरचा चौदा इंची जॅक रंधा भरभर लाकूड काढायला आणि सात नंबरचा बावीस इंची रंधा दोन फळ्यांच्या कडा जोडण्यासाठी सरळ करायला वापरतात, ते याच हिशोबाने.

पातं ठोकळ्यात बसवायची ही कल्पना कुणाच्या डोक्यातून पहिल्यांदा निघाली याचा पुरावा मागे राहिलेला नाही. हाती लागतात ते थेट तयार, पक्के रंधे, आणि ते रोमन आहेत. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंधे सापडले. जर्मनीतल्या कोलोन आणि सालबर्ग इथे सापडले, इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरला सापडले. यॉर्कशरमधल्या गुडमनहॅम गावाजवळ मिळालेल्या एका रंध्याचं अंग तर चक्क हस्तिदंताचं आहे आणि तळाला लोखंडी पत्रा. त्याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात जीव गमावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गकोशात फरच्या लाकडाचं वर्णन करताना रंध्यातून निघणाऱ्या सालपटांचा उल्लेख केला आहे. ती त्याला द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी वळलेली दिसली. सालपट असं सलग गुंडाळत निघतं ते रंध्याला धार आणि पकड दोन्ही चांगल्या असतील तरच. प्लिनीच्या काळचे सुतार आपलं काम जाणत होते, एवढं त्या एका निरीक्षणावरून कळतं.

रोमन रंध्यात पातं धरायची तऱ्हा साधी होती. ठोकळ्यात तिरकं भोक, भोकाच्या वरच्या भागात दोन्ही गालांच्या आरपार एक लोखंडी आडवी कांब. पातं उतारावर ठेवायचं, कांब आणि पातं यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकायची. झालं. सैल करायचं तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोका. पातं पुढे काढायचं तर पात्याच्या डोक्यावर ठोका, मग पुन्हा पाचर आवळा. चिनी आणि आग्नेय आशियाई लाकडी रंध्यांत ही आडवी कांब आजही दिसते. टाकाऊ असती तर इतकी शतकं टिकली नसती.

पण कांबेत एक खोट आहे. ती सालपटाच्या वाटेत येते. रंध्याच्या तोंडातून वर येणारं सालपट कांबेखाली जाऊन अडकतं आणि तोंड चोंदतं. युरोपातल्या सुतारांनी पुढे कांब काढून टाकली आणि गालांच्या आतल्या बाजूलाच तिरके खांदे कोरले. पाचरीचे दोन पाय त्या खांद्यांखाली शिरतात आणि मधला रस्ता सालपटासाठी मोकळा राहतो. वर्णन करायला दोन वाक्यं पुरतात, कोरायला मात्र हात लागतो. दोन्ही खांदे पाचरीला सारखे लागले पाहिजेत. केसभर फरक राहिला तरी पातं एका बाजूला थरथरतं आणि फळीवर बारीक लहरी उमटतात.

मधल्या हजारभर वर्षांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, किंवा घडलं ते लाकडाबरोबर कुजून गेलं. 1514 मधल्या ड्यूररच्या ‘मेलेन्कोलिया’ या प्रसिद्ध कोरीव चित्रात खाली जमिनीवर एक रंधा पडलेला आहे. 1545 मध्ये बुडालेलं इंग्रजांचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1982 मध्ये वर काढलं, त्याच्या सामानात रंधे होते. 1678 मध्ये लंडनच्या जोसेफ मॉक्सनने सुतारकामावर पुस्तिका छापल्या, तेव्हा रंधा आणि तो वापरायची पद्धत पहिल्यांदा इंग्रजीत तपशिलाने कागदावर आली. तोवर रंधा ज्याचा त्यानेच बनवायचा असे. लोहाराकडून पातं आणावं, घट्ट लाकडाचा ठोकळा निवडावा आणि आपल्या हाताला बसेल असं कोरावं. आपल्याकडच्या गावसुतारांनीही पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये नुसते रंधेच बनवून विकणारे कारागीर उभे राहिले. रंध्याच्या कपाळावर बनवणाऱ्याच्या नावाचा शिक्का येऊ लागला. हे शिक्के म्हणजे पुढच्या संशोधकांची सोय झाली, आणि त्यातल्या एका शिक्क्यामागची हकिगत थांबून सांगावी अशी आहे.

अमेरिकेतला नावानिशी माहीत असलेला पहिला रंधे बनवणारा म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या रेन्थम गावचा फ्रान्सिस निकल्सन. त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. मालकाच्या शिक्क्याखाली विकले गेलेले कितीतरी रंधे या चेलरच्या हातचे असणार. 1753 मध्ये निकल्सन वारला. मृत्युपत्रात त्याने चेलरला मुक्त केलं. शिवाय त्याचं कामाचं बाक, हत्यारं आणि दहा एकर जमीन त्याच्या नावे केली. त्यानंतर चेलर तीसेक वर्षं त्याच गावात रंधे बनवत राहिला आणि स्वतःच्या नावाचा, गावाच्या नावासह, शिक्का मारत राहिला. 1784 मध्ये तो वारला. त्याचे रंधे आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. माणसाची मालकी दुसऱ्याकडे आणि कसब मात्र त्याचं स्वतःचं, ही त्या काळची रीत. चेलरच्या बाबतीत निदान अखेरीस कसबावर नाव त्याचं आलं.

आता त्या भागाकडे वळू, ज्याच्याबद्दल सुतारांत आणि पुस्तकांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणजे कॅप आयर्नकडे.

लाकूड म्हणजे लांबट तंतूंची जुडी. रंधा तंतूंच्या चढणीच्या दिशेने गेला तर सालपट सुरळीत निघतं. उलट गेला, की पातं तंतूंच्या फटीत शिरतं आणि सालपट पाचरीसारखं वर उचललं जाऊन पात्याच्या पुढेच लाकूड चिरत जातं. पातं तिथवर पोचण्याआधीच लाकूड उचकटलेलं असतं. शिसवीच्या गाठीभोवती किंवा ज्या फळीत तंतू थराथराने दिशा बदलतात तिथे हे हमखास होतं. यावर जुने उपाय दोन होते. एक म्हणजे तोंड अगदी अरुंद ठेवायचं, म्हणजे तळाची पुढची कड पात्याच्या लगेच पुढे लाकडाला दाबून धरते आणि चीर पुढे पळत नाही. दुसरा उपाय पातं अधिक उभं बसवायचा. पंचेचाळीस अंशांऐवजी पन्नास किंवा त्याहून वर. उभ्या पात्याने उचकटणं कमी होतं, पण ढकलायला जोर जास्त लागतो आणि धारही लवकर मरते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर कुणीतरी पात्याच्या पाठीवर दुसरं बोथट पातं उलटं आवळून पाहिलं, तेच कॅप आयर्न. 1767 मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल कॅरदर्सने असे दुहेरी पात्याचे रंधे विकायला असल्याची जाहिरात दिली होती. इंग्लंडमध्ये बेंजामिन सीटन नावाच्या तरुणाला त्याच्या वडिलांनी 1796 मध्ये लंडनच्या गॅब्रिएलच्या दुकानातून हत्यारांचा पूर्ण संच घेऊन दिला. तो संच जवळजवळ न वापरलेला, सामानाच्या यादीसकट, रॉचेस्टरच्या संग्रहालयात जपलेला आहे. बहुतेक संग्रहालयांत झिजलेली हत्यारं असतात. न वापरल्यामुळे अमर झालेला हा विरळा सुतारसंच. त्याच्या यादीवरून दिसतं की तोवर दुहेरी पातं दुकानात सर्रास मिळू लागलं होतं.

हे दुसरं पातं करतं काय? त्याची कड धारेपासून केसभर मागे ठेवली की वर चढणारं सालपट तिच्यावर आपटतं आणि पुढच्या बाजूला झटकन वाकवलं जातं. वाकताना त्याचा कणा मोडतो, मग ते लाकूड चिरत नेऊ शकत नाही. जुन्या सुतारांना हे हाताला ठाऊक होतं. विसाव्या शतकात मात्र ही समज बरीचशी हरवली. कॅप आयर्न हे पात्याला नुसता टेकू द्यायला, त्याचा थरथराट थांबवायला असतं, असं बऱ्याच पुस्तकांत छापून येऊ लागलं, आणि लोक ते धारेपासून लांब ठेवून वर लाकूड फुटतं म्हणून तक्रार करू लागले. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातले कावाई आणि कातो यांनी 1980 च्या दशकात कापणारी धार सूक्ष्मदर्शकातून चित्रित केली. कॅप आयर्नची पुढची कड उभी घासून धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांश अंतरावर ठेवली की उलट्या रेषेचं लाकूडही स्वच्छ कापलं जातं, हे त्या चित्रफितीत उघड दिसतं. माझ्या मते रंध्याच्या दोन हजार वर्षांत पात्यानंतर महत्त्वाचा भाग हाच. पितळी चाकं आणि खटके त्याच्या खालच्या रांगेत.

दुहेरी पातं आलं तरी पाचर मात्र अजून तिथेच होती. ती निघायला लोखंडी रंधा यावा लागला.

1827 मध्ये कनेटिकटच्या हॅझर्ड नोल्सने बिडाच्या रंध्याचं पेटंट घेतलं, पण पातं धरायला त्यातही पाचरच होती. लाकडी रंधा हलका, स्वस्त आणि लाकडावर घसरत चालणारा, त्यामुळे लोखंडाकडे कुणी फारसं वळलं नाही. तिकडे स्कॉटलंडमधल्या एअर गावी स्टुअर्ट स्पायर्सने 1840 च्या सुमारास धातूच्या पेटीत शिसवी लाकूड भरलेले जड, देखणे रंधे काढले. ते फर्निचरवाल्यांचे लाडके झाले, पण महाग होते.

दरम्यान रंध्याच्या पोटावर पाय देणारी गोष्ट घडली होती. 1828 मध्ये विल्यम वुडवर्थने फळ्या रंधणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते पेटंट पुन्हा पुन्हा वाढवून घेतलं गेलं, त्यावर कोर्टात रणं माजली आणि ते सुटलं 1856 मध्ये. त्यानंतर अमेरिकेत यंत्राने रंधलेली फळी सर्रास मिळू लागली. खडबडीत लाकूड दिवसभर ढकलत बसायचं काम सुताराच्या खांद्यावरून उतरलं. हाताच्या रंध्याला उरलं ते शेवटचं सफाईचं, जुळवाजुळवीचं काम, आणि त्या कामाला सालपटाची जाडी बारीक-जाड करता येणं महत्त्वाचं. म्हणून रंध्याचा सगळ्यात हुशार अवतार नेमका त्याची गरज ओसरू लागली तेव्हा जन्माला आला.

तो घडवला लिओनार्ड बेलीने. मॅसॅच्युसेट्सचा हा माणूस 1850 च्या दशकापासून एकामागून एक पेटंटं घेत होता. आधी पाचरीच्या जागी खटक्याने आवळणारी लिव्हर कॅप आणली. मग 1867 च्या पेटंटमध्ये ते पितळी चाक. चाकाच्या खोबणीत दुबेळक्या कांडीचं एक टोक बसतं, दुसरं टोक वर निघून कॅप आयर्नच्या चौकोनी खाचेत शिरतं. चाक फिरवलं की कांडी डोलते आणि पातं बारीक बारीक पुढे-मागे सरकतं. आजच्या चाकाचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, म्हणजे उजवीकडे फिरवलं की पातं बाहेर येतं. कांडी पात्याला शिवतही नाही, हे नीट पाहण्याजोगं आहे. ती ढकलते कॅप आयर्नला. सालपट वाकवण्यासाठी आलेल्या पाहुण्याला बेलीने घरकामालाही जुंपलं. पातं आता जागोजागी आवळलेलं असल्यामुळे जाड असायची गरज राहिली नाही. बेलीची पाती पातळ, कमी पोलादात होणारी, धार लावायला सोपी. पातळ पातं कठीण लाकडावर थोडं कुरकुरतं, तो त्या सोयीचा मोबदला.

1869 मध्ये न्यू ब्रिटनच्या स्टॅनली कंपनीने बेलीची पेटंटं घेतली आणि त्यालाही कामावर घेतलं. काही वर्षांतच बिनसलं. बेली बाहेर पडला, ‘व्हिक्टर’ नावाने प्रतिस्पर्धी रंधे काढू लागला, आणि अखेर तो धंदाही स्टॅनलीनेच विकत घेतला. मग 1902 पासून स्टॅनलीच्या रंध्यांच्या नाकावर ओतीव अक्षरांत नाव झळकू लागलं ते बेलीचं. पातं डावी-उजवीकडे झुकवायची पट्टी 1880 च्या दशकात आली, ती याच कंपनीच्या जस्टस ट्राउटची देणगी. तिथे रंध्याची जुळणी पुरी झाली. पुढच्या शतकात मुठीचं लाकूड बदललं, पुढचा गोटा उंच झाला, दुसऱ्या महायुद्धात पितळ दारूगोळ्याकडे वळल्यामुळे काही रंध्यांवर कडक रबराची चाकं आली, इतकंच. आज जालंधरच्या हत्यारांच्या बाजारातून येणारा आणि कोल्हापूर-नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लोखंडी रंधा हा बेलीच्याच आराखड्याचा आहे.

जपान्यांनी वेगळाच रस्ता धरला. त्यांचा रंधा ओढायचा असतो, आणि मूळच्या घडणीत त्याला पाचर नाही. ठोकळ्याच्या गालांत कोरलेल्या खोबणीत जाड, उतरतं पातंच पाचरीसारखं ठोकून बसवतात. दुसरं पातं तिथे मेइजी काळात आलं. ठोकळ्याचा रंधा पोचण्याआधी जपानी सुतार भाल्यासारख्या ‘यारिगान्ना’ने लाकूड तासत. ते हत्यार विस्मरणात गेलं होतं. नारातल्या मंदिरांचे सुतार त्सुनेकाझू निशिओका यांनी ते पुन्हा घडवून घेतलं आणि 1976 मध्ये पुऱ्या झालेल्या याकुशीजीच्या मुख्य मंदिराच्या उभारणीत वापरलं. जपानमध्ये आज सालपट किती पातळ काढता येतं याच्या स्पर्धा होतात. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. लाकडी ठोकळा आणि एक हातोडी, एवढ्या भांडवलावर चालणारं हे काम पाहिलं की बेलीच्या पितळी चाकाने हाताला किती आळशी केलं, असंही वाटून जातं.

आपल्याकडे रंध्याचं काम दोन गोष्टींनी खाल्लं. प्लायवूड आणि सनमायका आल्यावर फळी रंधायची वेळच कमी येऊ लागली, आणि जे सागवान वापरलं जातं ते सॉ मिलमधूनच मशीनवर साफ होऊन येतं. साइटवर इलेक्ट्रिक रंधा असतो. जपानच्या माकिताने तो 1958 मध्ये बाजारात आणला होता. सागवानात सिलिका असते, ती धार भराभर मारते, त्यामुळे दिवसातून कितीदा पातं काढून दगडावर घासायचं याचा कंटाळाही यंत्राच्या पथ्यावर पडला. तरी पावसाळ्यात दार फुगून चौकटीला घासू लागलं की सुतार पिशवीतून काढतो तो हाताचाच रंधा. दाराच्या कडेवरून अर्धा मिलिमीटर उतरवायला मशीन लावणं त्यालाही पटत नाही.

तेव्हा घरात आजोबांचा लोखंडी रंधा पडला असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर टाकण्याआधी एकदा खोलून पाहा. गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने जातो, फुटलेली मूठ कोणताही सुतार करून देतो, पातं नवं मिळतं. पाहायची एकच जागा म्हणजे तोंडाजवळचं बीड. तिथे तडा गेला असेल तर त्याचा उपयोग नाही. नसेल, तर कॅप आयर्नची कड घासून सरळ करा, धारेच्या केसभर मागे आवळा आणि दगडावर धार लावून घ्या. अजून एका पिढीचं काम त्यात शिल्लक आहे.